सगळ्यांची दुसरी भाषा

दुपारचे तीन वाजले असतील. इबू, म्हणजे माझी घरमालकीण, बाजारात गेलेली, नात शाळेत, वरच्या मजल्यावरच्या मुली आपापल्या कॉलेजांत. घरात मी आणि सिम्बाह, दोघीच. सिम्बाह म्हणजे आजी, इबूची आई. मी ओटीवरच्या गार फरशीवर पाय पसरून शब्द पाठ करत बसले होते. सिम्बाह आतून आल्या, कमरेत वाकून, उजवा हात खाली सोडून माझ्यापुढून गेल्या (बसलेल्या माणसापुढून ताठ जायचं नाही, ही जावा बेटावरची रीत), मग थांबल्या, वळल्या आणि पोटावर हात जुळवून त्यांनी मला काहीतरी विचारलं. वाक्य लांबलचक होतं, आवाज अगदी मऊ, शेवटाला किंचित वर गेलेला. म्हणजे प्रश्न होता एवढं नक्की. मी वर्गात घोटलेल्या स्वच्छ इंडोनेशियनमध्ये सांगितलं की मला अजून जावानीज कळत नाही, माफ करा. त्या "इंग्गीह, इंग्गीह" (हो, हो) म्हणाल्या, तेच वाक्य पुन्हा एकदा सावकाश म्हणाल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसून आत गेल्या.

नात शाळेतून आली तसं तिचं दप्तरही न उतरवता मी तिला आत नेलं. आजीला विचार, त्यांना मघाशी काय हवं होतं? सिम्बाहने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पोरीने खांदे उडवले आणि मला इंडोनेशियनमध्ये सांगितलं, "मला नाही कळत. आजी क्रोमोमध्ये बोलतेय." क्रोमो म्हणजे आदराची जावानीज. सिम्बाह हसायला लागल्या, हात झटकला, जाऊ दे म्हणाल्या असाव्यात. संध्याकाळी इबू आल्यावर मी पुन्हा विषय काढला, पण तोपर्यंत सिम्बाह प्रार्थनेला बसल्या होत्या आणि नंतर त्यांना आठवलंच नाही. त्यांनी मला काय विचारलं होतं, ते मला आजतागायत माहीत नाही.

मी जोग्जाला गेले होते ती दार्मासिस्वा शिष्यवृत्तीवर. 1974 साली आसियान देशांतल्या विद्यार्थ्यांपासून इंडोनेशियन सरकारने ही योजना सुरू केली आणि पुढे ती इतर देशांनाही खुली झाली. योग्याकार्ता हे नाव नकाशावर, बोलताना सगळे जोग्जाच म्हणतात. घरच्यांना आधी वाटलं मी बालीला चालले आहे. मग कळलं की बाली नाही, समुद्रकाठचं हॉटेल नाही, भाषा शिकायला चालली आहे, आणि तीही फ्रेंच-जर्मन नाही. "उपयोग काय?" हा प्रश्न कणकवलीच्या स्टँडवरसुद्धा मला लोकांनी विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाला कंटाळले होते आणि अर्ज भरायची तारीख उलटली नव्हती, इतकंच खरं कारण. आईला मात्र वेगळीच काळजी होती. इकडे भात कापणीला येणार आणि मी तिकडे उतरणार. झालं असं, की कोकणातला पाऊस पुरता भिजून घेऊन मी गेले आणि नोव्हेंबरात जावामध्ये नवा पावसाळा सुरू झाला. एका वर्षात दोन पावसाळे काढले. कपडे दोन्हींकडे सारखेच वाळत नव्हते.

विद्यापीठाजवळच्या एका गल्लीत ‘तेरिमा कोस पुत्री’ अशी पाटी होती. कोस म्हणजे भाड्याची खोली, पुत्री म्हणजे मुलींसाठी. पाटी वाचूनच मी खोली घेतली म्हटलं तरी चालेल. न्हाणीत चौकोनी हौद आणि प्लास्टिकचं भांडं, त्यामुळे शॉवर नसल्याचं दुःख युरोपातल्या मुलींना झालं, मला नाही. पहाटे अजान, मग कोंबडे, मग झाडूचा आवाज. संध्याकाळी गल्लीतून पुतूवाला जायचा. बांबूच्या नळीत तांदळाचं पीठ आणि आत गूळ भरून वाफेवर शिजवतात, वर ओलं खोबरं. त्याच्या गाडीवरची वाफ एका नळीतून शीळ घालत बाहेर पडायची, लांबून ऐकू यायची, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटायचं ते मोदकाच्या सारणाच्या आठवणीने. गुदेगचं मात्र जमलं नाही. कोवळ्या फणसाची भाजी नारळाच्या दुधात आणि माडाच्या गुळात तासन्तास शिजवायची, सागाची पानं घालून तांबूस करायची. वाचायला छान वाटतं. पण कुयरीच्या, म्हणजे त्याच कोवळ्या फणसाच्या, भाजीत मोहरी-मिरचीची फोडणी न मारता कोणी ती गोड करत असेल तर कोकणातल्या माणसाने किती समजूतदार व्हायचं, यालाही मर्यादा आहे.

वर्गात जपानी, कोरियन, पोलिश, मादागास्करची अशी मुलं होती. इंडोनेशियनची ख्याती ‘सोपी भाषा’ अशी आहे. काळ नाहीत, लिंग नाही, विभक्ती नाही, लिपी रोमन. पहिले काही आठवडे सगळे खूश असतात. मग उपसर्ग येतात. क्रियापदाला ‘मे’ लागला की मूळ शब्दाचं पहिलं व्यंजन कधी कधी गळतं आणि तिथे अनुनासिक येतं. किरिमचं मेङिरिम, तुलिसचं मेनुलिस, पाकाईचं मेमाकाई, सापूचं मेञापू. शब्दकोशात ‘म’खाली शोधाल तर सापडत नाही, मूळ अक्षर ओळखून तिथे जावं लागतं. बाईंनी फळ्यावर कोष्टक काढलं, पोलिश मुलाने कपाळाला हात लावला, आणि मला एकदम पहिलीतला तक्ता दिसला. क-वर्गाच्या टोकाला ङ, त-वर्गाच्या टोकाला न, प-वर्गाच्या टोकाला म. त्या तक्त्यावर सगळ्या अक्षरांना चित्रं असायची, कमळ, खटारा, गवत, फक्त ङ आणि ञ यांचे चौकोन रिकामे. वाङ्मयापुरता एकदा ङ भेटतो, बाकी जन्मभर त्यांचं काही अडत नाही. ती दोन बिनकामाची अक्षरं इथे चांगली पूर्णवेळ नोकरीला लागलेली पाहून मला कोण आनंद झाला. मी वहीत देवनागरीतच लिहायला लागले. बाईंनी वाकून पाहिलं, हे काय म्हणून विचारलं, आणि पुढच्या तासाला मला फळ्यावर क-च-ट-त-प लिहायला लावलं.

घरच्यांना या व्याकरणात रस नव्हता. त्यांना हवी होती यादी. बहासा म्हणजे भाषा, मानुसिया म्हणजे मनुष्य, सुआमी म्हणजे नवरा, विद्यापीठातला विद्यार्थी महासिस्वा. ही यादी मी फॅमिली ग्रुपवर टाकली की अंगठे आणि हात जोडलेले यायचे. शाळेच्या मुख्याध्यापकाला केपाला सेकोलाह म्हणतात, म्हणजे शाळेचं कपाळ, हे बाबांना फार आवडलं. ते स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. आणि मग कोणीतरी नोटेवरचा गणपती पाठवायचाच. ती वीस हजार रुपियाची नोट 1998 सालची, शिक्षणकार्य केलेल्या की हाजार देवांतारांचं चित्र असलेली, आणि 2008 च्या अखेरीस ती चलनातून गेली. मी पहिल्यांदा तिकडे पोचले तेव्हा ती माझ्या पर्समध्ये येणं शक्यच नव्हतं. हे लिहिलं की ग्रुपवर शांतता. खुर्चीला कुर्सी, बातमीला काबार, प्रेताला मायात म्हणतात, उत्तराला जावाब म्हणतात, हेही मी कळवलं. आपली खुर्ची, खबर, मयत, जबाब तिकडेही आहेत, आणि अननसाला नानास म्हणतात तो आपल्यासारखाच पोर्तुगीजांबरोबर आलेला. त्या यादीला अंगठे आले नाहीत. लोकांना परदेशात स्वतःचं घर सापडायला हवं असतं, पण घराची ठरावीक खोलीच. खरी लोकप्रिय झाली ती शेवटची माहिती. आमच्या शेजारी बाबीकाका आणि काकी राहतात. इंडोनेशियनमध्ये काकी म्हणजे पाय आणि बाबी म्हणजे डुक्कर, आणि काकी बाबी हा खाण्याचा पदार्थ आहे. हे बाबीकाकांपर्यंत कोणी पोचवलं ते मला ठाऊक आहे.

वर्गातली भाषा आणि गल्लीतली भाषा वेगळी आहे हे कळायला फार दिवस लागत नाहीत. वर्गात ‘नाही’ म्हणजे तिदाक, बाहेर ङ्गाक. वर्गात ‘तुम्ही’ म्हणजे आंदा. हे आंदा प्रकरण मजेचं आहे. 1957 साली मुद्दाम प्रचारात आणलेलं सर्वनाम, कोणालाही चालेल असं, ना मान ना अपमान. आज ते जाहिरातींत, अर्जांवर आणि एटीएमच्या पडद्यावर सुखाने नांदतं. माणसाला माणूस तोंडावर आंदा म्हणत नाही. म्हाताऱ्याला पाक, बाईला बू, जोग्जात तरुण मुलाला मास, मुलीला म्बाक. मी भाजीवालीला आंदा म्हटलं तेव्हा तिने शेजारणीकडे पाहून डोळे मिचकावले आणि मला दोन मिरच्या जास्त घातल्या.

पण मला छळत होतं ते सिम्बाहचं क्रोमो. जावानीजमध्ये तोंड उघडण्याआधी समोरच्याची पायरी ठरवावी लागते. बरोबरीच्याशी आणि लहानांशी न्गोको, मोठ्यांशी आणि परक्यांशी क्रोमो. आपल्याकडे जेव-जेवा-जेवावं एवढ्यावर भागतं. तिथे शब्दच बदलतो. मित्र खातो तेव्हा मांगान, मोठ्यांपुढे स्वतःचं खाणं सांगताना नेदो, आणि ते मोठे जेवतात तेव्हा दाहार. सिम्बाहने मला, त्यांच्या निम्म्याहून लहान, ओटीवर पाय पसरून बसलेल्या मुलीला, पाहुणी म्हणून क्रोमोत विचारलं होतं. नातीशी त्या न्गोको बोलत, तेवढं तिला समजे, आणि उत्तर ती इंडोनेशियनमध्ये देई. म्हणजे त्या वाक्यातला मान माझ्यासाठी होता, आणि तोच आमच्या दोघींच्याही डोक्यावरून गेला.

28 ऑक्टोबर 1928 ला बटाव्हियात, म्हणजे आताच्या जकार्तात, तरुणांच्या परिषदेने शपथ घेतली. एक मातृभूमी, एक राष्ट्र, आणि एकतेची भाषा म्हणून इंडोनेशियन. शपथविधीला जावानीज तरुण भरपूर होते. देशात सर्वांत जास्त बोलणारे त्यांच्याच भाषेचे होते, साहित्य होतं, राजवाडे होते. तरी त्यांनी निवडली मलय, बंदरांतली, बाजारातली, घरात बोलणारे थोडे पण बाजारात समजणारे पुष्कळ. ‘संख्या आमची, भाषा आमची’ हा युक्तिवाद आपल्याला इतका सवयीचा आहे की हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं होतं. शिवाय बाजारातल्या मलयमध्ये अशा पायऱ्या नव्हत्या. शेतकरी आणि राजपुत्र एकाच शब्दाने जेवू शकत होते. पुढे 1942 मध्ये जपानी आले, त्यांनी डचवर बंदी घातली, कारभाराला दुसरी भाषा हवीच होती. आणि 1945 च्या राज्यघटनेच्या छत्तिसाव्या कलमात ती राज्याची भाषा म्हणून बसली. सातशेहून जास्त भाषा असलेल्या देशात.

याचा एक परिणाम कुठल्याही पुस्तकात मला लिहिलेला दिसला नव्हता. तो आंग्क्रिंगानवर कळला. आंग्क्रिंगान म्हणजे रात्रीची हातगाडी. मिणमिणता दिवा, केळीच्या पानात मूठभर भात आणि चिमूटभर सांबाल (मिरचीची चटणी), त्याला नासी कुचिंग म्हणजे मांजराचा भात म्हणतात. आणि तुगू स्टेशनाजवळ पेटता कोळसा चिमट्याने सरळ ग्लासात सोडून देतात ती कॉफी. कोळसा चर्र करतो, वर करडा फेस येतो, लवंगेच्या सिगारेटींचा धूर सगळीकडे. जोग्जा विद्यार्थ्यांचं शहर. त्या चटईवर फ्लोरेसचा, पापुआचा, मेदानचा, मकासरचा असे सगळे बसलेले असायचे. पापुआचा मुलगा ‘साया’ऐवजी नुसतं ‘सा’ म्हणायचा. मेदानचा सांगायचा की माझी करेता बंद पडली, आणि बाकीचे हसायचे, कारण करेता म्हणजे आगगाडी आणि त्याच्या गावात मात्र मोटरसायकल. हसायचे, चिडवायचे, पण "अशुद्ध बोलतोस" असं कोणी कोणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणणार कोण? प्रत्येकाची घरची भाषा दुसरीच. ही सगळ्यांनी शाळेत जाऊन मिळवलेली. मी त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षं उशिरा आलेली विद्यार्थिनी, फरक एवढाच. इंडोनेशियनच्या प्राविण्याची यूकेबीआय नावाची सरकारी परीक्षा आहे, ती परदेशी लोक देतात तशी तिथलेही देतात. ‘इस्तिमेवा’पासून ‘तेर्बातास’पर्यंत तिच्या सात पायऱ्या. जन्मापासून तिथेच राहिलेली आमच्या कोसमधली एक मुलगी मधल्या पायरीवर अडकली, आणि आम्ही तिला बुर्जोवर नेऊन गरम मुगाची खीर पाजली.

मला हे सगळं फार सुखाचं वाटायचं, आणि ते का, हे नीट सांगायचं तर कणकवलीला यावं लागेल.

आमच्या घरात आजी मालवणी बोलायची आणि बाबा ‘पुस्तकातलं’. बाबा मास्तर, त्यामुळे घरातही शुद्ध बोलायचं. मी शाळेतून आले की आजी चुलीपाशीनं विचारायची, "काय गो, खंय गेल्लंस?" मी म्हणायचे, "ग्रंथालयात गेले होते." आजी आत्याला सांगायची, "चेडू पुस्तकातलां बोलता," आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला कधी कळलं नाही. एवढं करून पुण्यात होस्टेलला गेले तर पहिल्याच आठवड्यात माझा हेल ऐकून मुलींनी विचारलं, तू नाटकातल्यासारखं बोल ना जरा. म्हणजे आजीसाठी मी पुस्तकी, पुण्यासाठी मालवणी. मराठी माझी पहिली भाषा, पण ती बोलताना समोर कोण आहे, तो काय म्हणेल, हे कायम मागच्या खोलीत चालू असतं. इंडोनेशियनमध्ये ते नव्हतं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ग्रुपवर शुभेच्छांचा पूर आला. मीही टाकली, खरा आनंद झाला होता. गंमत म्हणजे इंडोनेशियातही ऑक्टोबर हा भाषेचाच महिना असतो, त्या 1928 च्या शपथेमुळे. ते वय सांगत नाहीत. नाव मिळून जेमतेम शंभर वर्षं होतील अशी भाषा, वयाचं काय सांगणार.

आणि तरीही सिम्बाह. त्या घरात मी एकाच स्वयंपाकघरात इबूला आईशी क्रोमो, नवऱ्याशी न्गोको आणि मुलीशी इंडोनेशियन बोलताना ऐकलंय, कढईतला तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, उलटता उलटता. मुलीला क्रोमो का शिकवलं नाही म्हणून मी विचारलं तर इबू म्हणाली, "मोठ्यांशी चुकीचं क्रोमो बोललं तर उद्धटपणा होतो. त्यापेक्षा इंडोनेशियन बरी, निदान कोणाचा अपमान होत नाही." शाळेत आठवड्यातून जावानीजचा तास असतो, त्यात पोरीला मार्क कमी. मला इबूचा राग येईना. चुकायची भीती असलेली भाषा आई आपल्या मुलीच्या हातात देत नाही, यात काय चूक आहे? पण मी ज्या मोकळेपणाचं कौतुक करत होते तो कशातून आला हेही दिसत होतं. पायऱ्या नसलेली भाषा निवडली, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेली म्हातारी एकटी राहिली. शिवाय ही पोर मोठी होईल तेव्हा इंडोनेशियन तिची दुसरी भाषा नसेल, पहिलीच असेल. मग तीही कोणालातरी शुद्ध-अशुद्ध म्हणायला लागेल की काय, कोण जाणे. माझी भाची पुण्यात वाढते आहे. तिला मालवणी फक्त जत्रेतल्या दशावतारापुरती माहीत आहे, आणि ती मी बोलते तेव्हा तिला हसू येतं.

आता ‘उपयोग काय’चं उत्तर माझ्याकडे आहे. मी नवी मुंबईत एका आयात करणाऱ्या कंपनीत काम करते. पामतेल आणि कोळसा, दोन्हींसाठी आपला देश इंडोनेशियावर चांगलाच अवलंबून आहे, आणि तिकडच्या 2009 च्या 24 क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे तिथल्या कंपनीशी केलेला करार त्यांच्या भाषेतही असावा लागतो. ते करार मी तपासते. त्यांत ना पुतूची शीळ असते ना ङ-ञचा आनंद. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘पक्ष क्रमांक दोन’ असतो. पगार बरा आहे. बाबा आता स्टँडवर लोकांना सांगतात.

मधूनमधून फोनही करावे लागतात. गेल्या महिन्यात सुमात्रातल्या बेलावान बंदरावरच्या एका एजंटशी बोलत होते, एक कागद अडकला होता म्हणून. मेदानकडचा माणूस, दणदणीत बाताक हेल, प्रत्येक वाक्य भांडण असल्यासारखं. मी माझ्या परीने नरमपणे, थांबत थांबत बोलत होते. मध्येच तो म्हणाला, "बू, तुम्ही जावाच्या ना? बोलण्यावरून कळतंच." जावानीज मला चार शब्दांपलीकडे येत नाही, पण सिम्बाहच्या घरचा हेल तेवढा लागलेला दिसतोय. मी म्हटलं, नाही हो, मी कणकवलीची. "कणकवली? ते कुठल्या काबुपातेनमध्ये येतं?" काबुपातेन म्हणजे जिल्हा. मी म्हटलं, सिंधुदुर्ग.

"हां हां, पूर्व जावा," असं म्हणून त्याने मला मालाच्या जहाजी पावतीचा नंबर लिहून घ्यायला सांगितलं.